ख्रिस्ती लेखन ऑनलाइन करताना कमाई आणि स्वतःची जाहिरात यांपासून लांब कसं राहावं?

तुमचा ब्लॉग वाचला जातोय, आता मित्र म्हणताहेत जाहिराती चालू कर, नाव कर. हा मोह टाळायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

‘कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे’ हे वचन तुमच्यापुढे टाकलं जाणारच. पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत हा वाद निघाला की पहिल्यांदा तेच निघतं, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. लूक १० मध्ये ते ज्यांना सांगितलं ते थैली-झोळी न घेता गावोगाव निघालेले होते. मजुरी म्हणजे त्या घरचं खाणंपिणं. १ करिंथ ९, म्हणजे पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय, तर पुरता वाचा. चौदाव्या ओवीत पौल हक्क मान्य करतो, पंधराव्यात लगेच म्हणतो की मी तो वापरलेला नाही, आणि अठराव्यात सुवार्ता फुकट सांगणं हेच आपलं वेतन ठरवतो. करिंथात तो अक्विला नावाच्या कारागिराकडे राहुट्या करून पोट भरत होता. लोक चौदावी ओवी वाचतात आणि शास्त्र मिटतात. हिंजवडीत नोकरी करून रात्री लिहिणाऱ्याकडे राहुट्यांचं काम आधीच आहे. त्याने वचनाखाली जाहिरात लावूच नये.

पैसा थोडाच येतो, पण लेखन बिघडतं. आजारातून बरं झाल्याची साक्ष खूप वाचली जाते, रोमकरांस पत्रावरचं विवेचन कुणी उघडत नाही. मिळकत वाचनावर ठरली की हात आपोआप साक्षींकडे वळतो, मग मथळ्यात ‘कर्ज फिटेल’ येतं. शिवाय स्वयंचलित जाहिराती ठेवल्या की स्तोत्राखाली ज्योतिषी नाहीतर झटपट कर्जाचं ॲप येऊन बसतं. ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेत, असे वर्ग बंद करता येतात, पण गाळणीतून काही ना काही सुटतंच.

म्हणून साधन निवडतानाच बघा. ब्लॉगरवर तुम्ही स्वतः कमाई सुरू केल्याशिवाय जाहिराती लागत नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत त्या कंपनी स्वतःच दाखवते. यूट्यूबचं तर २०२० च्या अखेरीपासून असं आहे की कमाई बंद असलेल्या चॅनेलवरही जाहिरात येऊ शकते, फक्त पैसे तुम्हाला मिळत नाहीत. तेव्हा ‘मी कमाई घेत नाही’ एवढ्याने प्रेक्षकाची सुटका होत नाही. व्हिडिओऐवजी मजकूर लिहूनच द्या.

ब्लॉगरच्या मांडणीतून पेजव्ह्यूचा आकडा, अनुयायी आणि लोकप्रिय पोस्ट हे तिन्ही काढून टाका. लेखाच्या शेवटी ‘शेअर करा’ लिहू नका. ज्यांनी मागितलं त्यांनाच व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवा. एका यादीत २५६ जणच मावतात आणि तुमचा नंबर ज्यांनी जतन केलाय त्यांनाच संदेश पोचतो. ही मर्यादा मला चांगलीच वाटते. नाव मात्र लिहा. निनावी लेखनात चुकीच्या शिकवणीचा जाब कुणाला विचारायचा?

देणगीच्या बटणापासून तर दूरच राहा. परदेशातल्या वाचकाने पैसे पाठवले तर ते विदेशी अंशदान ठरू शकतं. २०१० च्या विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याच्या कलम ११ नुसार निश्चित धार्मिक कार्यक्रम असलेल्या व्यक्तीला नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते घेता येत नाही. ‘कॉफी पाजा’ असं गोंडस नाव दिल्याने कायदा बदलत नाही.

हे सगळं पूर्णवेळ सेवेतल्या पाळकांना लागू नाही, त्यांना मंडळीनं पोसलंच पाहिजे. फिलिप्पैकरांची देणगी पौलाने घेतली हेही मला ठाऊक आहे. पण तिथे देणारे ओळखीचे होते. कागद-छपाईलाही पैसा लागतोच. केडगावला पंडिता रमाबाईंचं बायबल मुक्ति मिशनच्याच छापखान्यात छापलं गेलं, तेही खर्चाशिवाय नव्हे. तुमच्या लेखांचं पुस्तक काढायचं झालं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पानं १६ च्या पटीत बसवा, नाहीतर शेवटच्या फर्म्यात (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांत) कोऱ्या पानांचे पैसे जातात. किमतीत छपाई, बांधणी आणि टपाल एवढंच धरा आणि पहिल्या पानावर तो हिशेब छापा.