‘स्वतःबद्दल सांगा’पासून पगाराच्या आकड्यापर्यंत

मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागासाठी मुलाखत आहे. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’साठी एक उतारा पाठ केला आहे, पण दरवेळी मध्येच अडखळतो. काय करू?

उतारा बाजूला ठेवा. पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की त्यामागची सगळीच निसटतात. समोरच्याने मध्ये काही विचारलं, तर परत कुठून सुरू करायचं तेही सुचत नाही. त्याऐवजी चार मुद्दे डोक्यात ठेवा: शिक्षण, प्रत्यक्ष हाताने केलेलं काम, त्या कामातून निघालेली एक ठोस गोष्ट, आणि हीच जागा का हवी. वाक्यं दरवेळी थोडी वेगळी झाली तरी चालतील. एकूण साठ ते नव्वद सेकंद पुरेत.

‘वडील शेती करतात, आई गृहिणी, मला क्रिकेटची आवड’ यात गैर काहीच नाही, पण त्यातून कामाबद्दलचा पुढचा प्रश्न निघत नाही. या उत्तराचं खरं काम तेच आहे. पुढचा प्रश्न तुम्हाला येणाऱ्या गोष्टीवर यायला हवा. उदाहरणार्थ: ‘ट्रेनिंगमध्ये मी इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेल्या मालाच्या तपासणीला होतो. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने आणि बोअर (भोक) प्लग गेजने तपासायचो. प्रोजेक्टसाठी रिजेक्शनच्या नोंदी ठेवून पॅरेटो (कोणत्या कारणाने किती नग परत गेले, याचा उतरत्या क्रमाचा तक्ता) काढला. सगळ्यात जास्त नग ‘बर’ (कापल्यावर कडेला उरलेला धातूचा खरबरीत भाग) राहिल्यामुळे परत जात होते. मला तपासणीच्या कामातच पुढे जायचं आहे.’ अर्थात, यातलं जे तुम्ही केलेलं नाही ते काढून टाका. जे केलं ते लहान असलं तरी चालेल.

आता या उत्तरातला प्रत्येक शब्द उलटून विचारला जाणार. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती? साध्या मेट्रिक मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, नेहमीच्या व्हर्निअरचा ०.०२ मिमी. गो आणि नो-गो म्हणजे काय? भोक २०.०० ते २०.०५ मिमी हवं असेल, तर प्लग गेजची २०.०० ची गो बाजू आत गेली पाहिजे आणि २०.०५ ची नो-गो बाजू जाता कामा नये. शाफ्टसाठी मात्र उलट: तिथे गो हे मोठं माप आणि नो-गो हे लहान. नव्या मुलांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो, कारण त्यांनी व्याख्या पाठ केलेली असते, आकडे घालून पाहिलेले नसतात. टेबलावरचा एखादा भाग आणि व्हर्निअर हातात दिलं, तर माप घेण्याआधी जबडे पुसून मिटवा आणि झीरो एरर आहे का, म्हणजे जबडे मिटल्यावरही माप शून्य दिसत नाही असं आहे का, ते पाहा. विचारलं नसलं तरी पाहा. तुम्ही शॉप फ्लोअरवर खरंच काम केलंय का, हे अशा एका हालचालीवरून कळतं.

शिफ्टचा प्रश्नही ठरलेला आहे. तिसरी पाळी जमेल का, राहणार कुठे, कंपनीची बस कुठून मिळते, हे घरून ठरवूनच जा.

बी.कॉम. नंतर तीन वर्षं पुण्यात राहून एमपीएससीची तयारी केली, निवड झाली नाही. आता अकाउंट्स असिस्टंटच्या नोकरीसाठी अर्ज करतो आहे. तीन वर्षांच्या खंडाबद्दल काय सांगू? एका मित्राने ‘नातेवाइकाच्या दुकानात काम केलं’ असं लिहायचा सल्ला दिला आहे.

मित्राचा सल्ला ऐकू नका. दुकानातल्या कामाबद्दल तीन प्रश्न विचारले की खोटं उघडं पडतं: बिलं कशात करायचा, महिन्याला किती, जीएसटीचं रिटर्न कोण भरायचं? शिवाय जिथे पीएफ असतो तिथल्या नोकरीच्या तारखा यूएएनवर (पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकावर) दिसतात, आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्या त्या पाहतात.

स्पर्धा परीक्षेची तयारी महाराष्ट्रात कुणालाच नवी नाही. तुम्ही नापास झालात याची समोरच्याला चिंता नसते. त्याला वेगळीच भीती असते: पुढची जाहिरात आली की हा सुट्टी मागेल, नाहीतर सोडूनच जाईल. म्हणून उत्तर त्या भीतीला द्या, आणि पाच वाक्यांत द्या. ‘तीन वर्षं पूर्णवेळ तयारी केली. निवड झाली नाही, आणि आता मी परीक्षा देणं थांबवलं आहे. त्यानंतर टॅली प्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकलो. खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या खात्याशी जुळवणं) आणि जीएसटीची रिटर्न्स यांचा सराव केला आहे. मला अकाउंट्समध्येच पुढे जायचं आहे.’ परीक्षा पद्धतीवर, आरक्षणावर, रखडलेल्या निकालांवर एक शब्दही बोलू नका. राग खरा असला तरी ती जागा त्याची नाही.

परीक्षा अजून द्यायचीच असेल, तर ‘थांबवलं’ असं सांगू नका. ‘पुढचं एक वर्ष कोणताही फॉर्म भरणार नाही’ असं जेवढं पाळता येईल तेवढंच बोला.

आणि ‘सराव केला आहे’ म्हणालात की परीक्षा सुरू. दरमहा रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं एकत्रित रिटर्न) २० तारखेपर्यंत. कापलेला टीडीएस सर्वसाधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत. जीएसटीआर-२बी कशासाठी पाहायचं? पुरवठादाराने आपलं बिल दाखवलं आहे का, म्हणजेच इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येईल का, ते तपासायला. एवढं नीट सांगणाऱ्या उमेदवाराला तीन वर्षांबद्दल दुसऱ्यांदा फारसं कुणी विचारत नाही.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले आहे. नाशिकच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये मुलाखत आहे. ‘तुमचा कमकुवतपणा कोणता’ यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ म्हणावं का?

नको. ते उत्तर इतक्या जणींनी दिलेलं असतं की मेट्रनला (मुख्य परिचारिकेला) पुढचं वाक्यही माहीत असतं. खरा दोष सांगा, पण रुग्णाच्या सुरक्षेला धक्का लावणारा नको, आणि त्यावर काय उपाय केला तो लगेच जोडा. उदाहरणार्थ: ‘सुरुवातीला माझा हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णाची माहिती देणं) लांबायचा, महत्त्वाचं शेवटी यायचं. आता मी ठरलेल्या क्रमाने बोलते: रुग्णाची आत्ताची स्थिती, पूर्वइतिहास, माझं निरीक्षण, पुढे काय करायचं.’ ही एसबीएआर पद्धत आहे; नाव विचारलं तर सांगता आलं पाहिजे. ‘मी कधीकधी औषधाची वेळ विसरते’ हे मात्र दोष म्हणून सांगायचं उत्तर नव्हे. त्याच मुलाखतीत औषध देण्याआधीच्या पाच गोष्टी विचारतील: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ.

अपेक्षित पगार विचारल्यावर मी ‘कंपनी देईल तो’ म्हणते. नंतर ४ लाख २० हजारांचं ऑफर लेटर आलं, पण हातात महिन्याला ३५ हजार येणार नाहीत असं मैत्रीण म्हणते. कसं?

मैत्रीण बरोबर सांगते. ऑफरमधला आकडा म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. महिन्याच्या ३५,००० मध्ये बेसिक (मूळ पगार) १७,५०० धरू. बेसिकवर १२ टक्के म्हणजे २,१०० रुपये कंपनीच्या वाट्याचा पीएफ. तो याच आकड्यातून जातो. ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या रकमेची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ८४२ रुपये. उरले ३२,०५८. यातून तुमच्या वाट्याचे पीएफचे २,१०० आणि व्यवसाय कराचे २०० (फेब्रुवारीत ३००) कापले की हातात २९,७५८. पॅकेजमधले दहा टक्के ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर ठरणारा भाग) असतील, तर महिन्याचे आणखी ३,५०० कमी होतात, म्हणजे उरतात २६,२५८. व्हेरिएबल वर्षाअखेरीला मिळेल, पण पूर्ण मिळेलच असं नाही. काही कंपन्या पीएफ बेसिकऐवजी १५,००० च्या मर्यादेवर कापतात; तसं असेल तर हातात थोडं जास्त येतं.

म्हणून सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा: दरमहा हातात किती, व्हेरिएबल किती आणि कशावर ठरतं, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आहे का. हे विचारल्यामुळे ऑफर जात नाही.

‘देईल तो’ हे उत्तर विनय म्हणून दिलं जातं, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की तुम्ही चौकशी केलेली नाही. त्याच शहरात, त्याच कामाला काय मिळतं ते आधी दोन-तीन जणांना विचारून घ्या आणि पट्टा सांगा: ‘कामाचं स्वरूप पाहता साडेचार ते पाच लाखांच्या दरम्यान अपेक्षा आहे.’ खालचा आकडा असा ठेवा की तेवढ्यावर खरंच रुजू व्हाल. आधी नोकरी असेल तर सध्याचा पगार फुगवू नका; सॅलरी स्लिप मागतात.

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, वय २८. दोन मुलाखतींत ‘लग्न झालंय ना, मग मुलाचा विचार कधी?’ असं विचारलं. गप्प बसावं की उलट बोलावं?

हा प्रश्न विचारायला नको होता, हे आधी स्पष्ट सांगतो. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे. पगारी प्रसूती रजा, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, हाही हक्क आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. पण मुलाखतीच्या खोलीत कायद्याची कलमं म्हणून दाखवली तरी काही हाती लागत नाही. खाजगी माहिती न देता कामाची खात्री द्या: ‘घरच्या गोष्टी मी घरी सांभाळते. या जागेसाठी रिलीजच्या काळात जास्त वेळ द्यावा लागेल, हे मला माहीत आहे आणि ते जमेल. तुमच्याकडे रिग्रेशन सायकल (बदलानंतर जुन्या गोष्टी पुन्हा तपासण्याची फेरी) किती दिवसांची असते?’ शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे, त्याने बोलणं परत कामावर येतं. त्यानंतरही तेच विचारत राहिले, तर तिथलं वातावरण कसं असेल याची माहिती तुम्हाला रुजू होण्याआधीच मिळाली असं धरा.

लातूरहून ऑनलाइन मुलाखत द्यायची आहे. काम येतं, पण इंग्रजीत उत्तर द्यायची वेळ आली की मराठीतून भाषांतर करत बसतो आणि गप्प होतो.

मराठीत लांब वाक्य रचून मग ते इंग्रजीत न्यायला गेलात की मधेच अडकणार. सराव करताना आधीच छोटी वाक्यं धरा: कर्ता, क्रियापद, संपलं. रोज दोन प्रश्नांची उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. व्याकरणाच्या चुका शोधू नका. कुठे थांबता तेवढं पाहा. बहुतेक वेळा तुम्ही त्याच पाच-सहा शब्दांवर थांबता, तेवढे शोधून पक्के करा. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ हे बिनधास्त म्हणा. अर्धवट समजून भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तांत्रिक मुद्दा अगदीच अडला, तर ‘हे हिंदीत सांगू का?’ असं विचारता येतं. तांत्रिक फेरीत पुष्कळ जण हो म्हणतात, ग्राहकांशी बोलण्याची नोकरी असेल तर मात्र विचारू नका.

ऑनलाइनसाठी: खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, नाहीतर चेहरा काळा दिसतो. वायर असलेला इअरफोन वापरा. वीज जाण्याची शक्यता धरून लॅपटॉप पूर्ण चार्ज करा आणि मोबाइलचं हॉटस्पॉट आधी जोडून पाहा. एचआरचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. कॉल तुटला तर दोन मिनिटांत फोन करून सांगता येतं. स्क्रीनवर उत्तरं उघडी ठेवून वाचू नका, डोळे सरकताना दिसतात.