ड्रोनमुळे तणनाशक खरेच कमी लागते का?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त घणसोलीला राहतो. मुरबाड तालुक्यात आमची दोन एकर भातशेती आहे. बेणणीला माणसे मिळत नाहीत, म्हणून तणनाशक मारावे लागते. ड्रोनने फवारणी केल्यास औषध निम्मेच लागते, असे गावात सांगतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : येथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून बचत गटांना मिळतात तशा फवारणीच्या ड्रोनमुळे वाचते ते पाणी आणि मजुरी. पाठीवरच्या पंपाला एकरी १५० ते २०० लिटर पाणी लागते, तेथे ड्रोनचे काम साधारण १० लिटरमध्ये भागते. तणनाशकाची एकरी मात्रा मात्र तीच राहते. औषध वाचते ते आधी कॅमेऱ्याच्या ड्रोनने तणांचा नकाशा काढून तेवढ्याच जागी फवारले तर, कारण तण शेतभर सारखे नसते. बांधालगत आणि पाणी न ठरणाऱ्या उंचवट्यांवर ते पुंजक्यांनी येते.

कापूस-सोयाबीनच्या सरळ ओळींमध्ये उगवलेले हिरवे ते तण, हे संगणकाला लवकर कळते. आपल्याकडच्या हाताने लावलेल्या भातात ओळी नसतात, खाचरातले पाणी चमकते, आणि पाखड हे तण कोवळे असताना तर हुबेहूब भातासारखे दिसते. पान जेथे खोडाला मिळते तेथे भाताला पातळ पापुद्रा आणि केसाळ कानांसारखी टोके असतात, पाखडाला ती नसतात. पण हा फरक रोप हातात धरून पाहायचा, वरून तो दिसत नाही. शिवाय लावणीनंतर चार-पाच दिवसांत वापरायचे प्रेटिलाक्लोर हे तणनाशक तण उगवण्यापूर्वीचे असते, तेव्हा त्या वेळी नकाशा काढणार तरी कशाचा? बचतीला वाव आहे तो बिसपायरीबॅक सोडियमसारख्या उगवणीनंतरच्या औषधात.

दोन एकरांसाठी मी तरी नकाशावर पैसे घालणार नाही. लावणीनंतर १५ ते २० दिवसांनी खाचरे फिरून पुंजक्यांपाशी फडके बांधलेल्या काठ्या रोवाव्यात, पाणी काढून तण उघडे करावे, उघडीप पाहून तेवढ्याच जागी लेबलावरील प्रमाणात पंपाने फवारावे आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी बांधावे.