'जॅझ' हा शब्द नेमका कुठला?

प्रश्न असा आला आहे : जॅझ संगीत न्यू ऑर्लिन्सचं, मग शब्दही तिथलाच आणि मूळचा आफ्रिकी, हे खरं का?

संगीताचं माहेर न्यू ऑर्लिन्सच. शब्दाचा माग मात्र जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांत काढत गेलं, की आपण पोहोचतो पार दुसऱ्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, आणि तेही बेसबॉलच्या मैदानात!

२ एप्रिल १९१२ च्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये बेन हेंडरसन या पोर्टलंड संघाच्या पिचरबद्दल (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याबद्दल) छोटी बातमी आहे. आपण एक नवा वळणारा चेंडू तयार केलाय, त्याला 'जॅझ बॉल' म्हणतो, कारण तो डगमगत येतो आणि फलंदाजाला त्याचं काहीच करता येत नाही, असं तो सांगतो. न्यूयॉर्क विद्यापीठाचे ग्रंथपाल जॉर्ज थॉम्पसन यांना ही नोंद २००३ च्या सुमारास सापडली. तोवर १९१३ च्याच नोंदी सर्वांत जुन्या मानल्या जात.

त्या १९१३ च्या नोंदी मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात. 'सॅन फ्रान्सिस्को बुलेटिन'चा क्रीडा वार्ताहर 'स्कूप' ग्लीसन सील्स या शहराच्या बेसबॉल संघाच्या सरावाच्या बातम्या लिहीत होता. हा सराव कॅलिफोर्नियातल्याच बॉइज स्प्रिंग्स इथं चालू होता. ३ मार्चच्या मजकुरात एका खेळाडूविषयीच्या बोलवा 'जॅझ' निघाल्या असं तो म्हणतो; म्हणजे पोकळ बाता. ६ मार्चला तोच माणूस लिहितो की संघ 'जॅझ'ने भरून परतलाय, आणि लगेच स्वतःच विचारतो, हे जॅझ म्हणजे काय? उत्तरही देतो : जोम, चैतन्य, उत्साह. एकाच लेखणीतून तीन दिवसांत दोन अर्थ! शब्द बोलण्यात होता, पण अजून कुठल्या एका अर्थावर स्थिरावला नव्हता, याचा याहून चांगला पुरावा कुठला हवा? जुनी वर्तमानपत्रं वाचताना शब्दाभोवतीची अवतरणचिन्हं आणि शेजारी दिलेला खुलासा मुद्दाम पाहावा. लिहिणाऱ्याला वाचकाची खात्री नसते तेव्हाच ती येतात. ५ एप्रिलला तर त्याच पत्रात अर्नेस्ट हॉपकिन्सने या शब्दाचं कौतुक करणारा अख्खा लेख लिहिला. जोम, आनंद, धाडस असे अर्थ त्याने एकामागून एक दिले आणि शेवटी हात टेकले : हे सगळं सांगायला 'जॅझ'च हवा. संगीताचा अर्थ मात्र त्या यादीत नाही.

तो अर्थ शिकागोत दिसतो. ११ जुलै १९१५ च्या 'शिकागो ट्रिब्यून'मधल्या लेखात ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचा एक संगीतप्रकार) म्हणजेच जॅझ असं म्हटलं आहे. शब्द कॅलिफोर्नियातून आपणच तिकडे नेला, असा बँजोवादक बर्ट केली यांचा दावा होता. तो दावा म्हणूनच घ्यावा. न्यू ऑर्लिन्सच्या 'टाइम्स-पिकयून'मध्ये 'जॅस बँड' ('जॅस' हे 'जॅझ'चंच तेव्हाचं रूप) उमटतात ते नोव्हेंबर १९१६ मध्ये. आणि २० जून १९१८ च्या अग्रलेखात त्याच पत्राने या संगीताला दुर्गुण ठरवून त्याचं पालकत्वच नाकारलं! ज्या शहराने हे संगीत जगाला दिलं, त्याच्या मुख्य वर्तमानपत्राने असं लिहावं, हे आजही वाचवत नाही.

आता आफ्रिकी मुळाबद्दल. शब्दाचं मूळ म्हणून कुणी गप्पा मारणं या अर्थाचं फ्रेंच क्रियापद सांगतं, कुणी चमेलीचं अत्तर, कुणी जॅस्बो नावाचा वादक; त्यांच्यासारखाच या आफ्रिकी व्युत्पत्तीलाही लेखी आधार मिळालेला नाही. त्यातल्या त्यात पटणारा धागा 'जॅझम'चा. जोम, धमक या अर्थाचा हा अमेरिकन बोलीतला शब्द १८६० मध्ये छापलेला आढळतो, आणि १९१३ च्या अर्थाशी तो थेट जुळतो.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. ही वर्तमानपत्रं गोऱ्यांच्या मालकीची होती. कृष्णवर्णीय वादक आपसांत काय बोलत, ते त्यांत क्वचितच उतरलं. त्यामुळे १९१२ ही छापील नोंदीची तारीख आहे, शब्दाच्या जन्माची नव्हे. अमेरिकन वादक लिऑन ॲबी यांचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये वाजू लागला तेव्हा 'जॅझ' म्हणजे संगीत, हे ठरून गेलं होतं. आपल्याकडे शब्द आला तो याच एका अर्थाने, म्हणून डगमगणाऱ्या चेंडूचा अर्थ ऐकून आपल्याला नवल वाटतं.