परड्याच्या कुंपणातली घाणेरी (टणटणी, लँटाना) औषध न मारता कशी काढावी?

करवीर तालुक्यातून आलेला प्रश्न असा: "घराच्या तिन्ही बाजूंनी घाणेरीचं जुनं कुंपण आहे. शेजारी विहीर, गोठ्यात दोन म्हशी, परड्यात भाजी. तणनाशक मारायचं नाही. दरवर्षी कोयत्यानं छाटतो, दरवर्षी अधिकच दाट होते. काय करावं?"

तणनाशक टाळायचा तुमचा निर्णय बरोबर आहे. विहीर, दावण आणि भाजीचे वाफे इतके जवळ असताना फवारा उडणार कुठं, हे आपल्या हातात राहत नाही. अडचण आहे ती छाटणीत. घाणेरी वरून तोडली की ती मरत नाही. खोड आणि मूळ जिथं जुळतं, त्या सांध्यावर झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात आणि वरचा भाग गेला की ते सगळे एकदम फुटतात. एका काठीच्या जागी पाच-सहा येतात. दरवर्षीची छाटणी म्हणजे कुंपणाची मशागतच झाली म्हणायची.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलातली घाणेरी काढण्यासाठी जी पद्धत बसवली, ती या सांध्यावरच घाव घालते. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर, म्हणजे सव्वा ते दोन इंचांवर तोडायचं आणि अख्खं झुडूप बुंध्यासकट बाहेर काढायचं. सगळी मुळं खणून काढायची गरज नाही, कारण सांध्याखालचं मूळ सहसा पुन्हा फुटत नाही. जंगलात चाललेली ही रीत परड्यात तर अधिकच सोपी जाते, कारण झुडपं मोजकी असतात.

जुन्या कुंपणात मात्र एक फसगत होते. वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि माती साचून बुंधा गाडला गेलेला असतो. तुम्हाला दिसते ती जमीन खरी जमीन नसतेच. आधी खुरप्यानं बुंध्याभोवतीची माती ओढून घ्या, खोड जाड होऊन खाली मूळ एकटं पडतं ती जागा डोळ्यांनी बघा, मग तिच्याखाली कुदळीचा घाव घाला. पातळ झुडपाला कुदळ पुरते, मनगटाएवढ्या बुंध्याला पहार लावावी लागेल. जमिनीला टेकलेल्या फांद्यांनी पेरापेरांतून स्वतंत्र मुळं सोडलेली असतात. त्याही सोडवून काढायच्या, नाहीतर मूळ झाड गेलं तरी पोरं जागच्या जागी राहतात.

वेळ महत्त्वाची. भर उन्हाळ्यात काळी माती दगड होते, मूळ वरच तुटतं. भर पावसात चिखल होतो. वळवाचे एक-दोन पाऊस होऊन वाफसा आला की काम धरा, आणि मृगाचा पाऊस लागायच्या आत उरका. पन्हाळा, शाहूवाडीच्या तांबड्या मातीत सवड थोडी जास्त मिळते. झुडपावर काळी फळं पिकलेली दिसली, तर ती आधी तोडून पोत्यात भरा. जाड हातमोजे आणि पायात गमबूट हवेतच, कारण खोडाला काटे असतात आणि अशा दाट कुंपणात घोणस बसलेली असू शकते. आधी बाहेरून काठीनं झोडपून घ्या, मग आत हात घाला.

काढलेली झुडपं मुळं वर करून फरशीवर किंवा दगडांवर उलटी टाका. ओल्या मातीवर आडवी टाकली तर ती तिथंच रुजतात. फळं नसलेला पाला कंपोस्टमध्ये चालतो, वाळलेल्या काठ्या चुलीला जातात. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा लोक या काठ्यांचं फर्निचर बनवतात. आपल्याकडे तेवढा उत्साह नसेल तर चूल बरी. पण पाला गोठ्यापासून लांब ठेवा. घाणेरीतल्या लँटाडीन या विषारी घटकानं जनावराच्या यकृतावर परिणाम होतो. चारा सोडणं, शेण कडक होणं, डोळे पिवळे पडणं, उन्हात गेल्यावर कातडी भाजल्यासारखी होणं, यातलं काही दिसलं तर जनावर सावलीत बांधा आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.

पन्हाळ्याच्या बाजूचे एक शेतकरी विचारतात: "मागल्या वर्षी जेसीबी लावून सगळं साफ केलं, यंदा दुप्पट उगवलंय. बी कुठून आलं?" बी तिथंच होतं. जेसीबीनं माती खालीवर झाली, पडून राहिलेल्या बियांना ऊन आणि ओल मिळाली, शिवाय बुंध्याचे तुकडे सगळीकडे पसरले. आता घाबरू नका, रोपं लहान आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये माती मऊ असताना वीतभर उंचीची रोपं हातानं उपटून येतात. बुलबुल, साळुंक्या फळं खाऊन जिथं बसतात, तिथं नीट बघा: आंब्याखाली, विजेच्या तारेखाली. निदान दोन-तीन पावसाळे ही फेरी चुकवू नका. माझ्या मते खरं काम हेच आहे. पहिल्या दिवशीची कुदळ हा त्यातला सोपा भाग.

बुंध्यात मीठ, डिझेल किंवा ॲसिड ओतावं का, असंही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. नाही. शिरोळ तालुक्यातली क्षारपड रानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी तरी मातीत मीठ घालायचा विचार करू नये. डिझेल विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. पेटवूनही उपयोग नाही, जमिनीखालचा सांधा शाबूत राहतो आणि पहिल्या पावसात फुटतो. बुंधा भिंतीच्या पायात अडकला असेल आणि खणता येत नसेल, तर फूट बोटभर झाली की तोडत राहा. मुळातली अन्नाची साठवण संपेपर्यंत हे चालू ठेवावं लागतं, चिकाटी हवी.

सुबाभळीचं कुंपण असेल तर शेळ्यांना कामाला लावा. बुंधा जमिनीलगत तोडा, येणारी फूट त्यांना खाऊ द्या, पण नुसत्या सुबाभळीवर ठेवू नका, त्यात मिमोसिन हा विषारी घटक असतो. शेंगा वाळायच्या आत तोडणं महत्त्वाचं, बी मातीत बरीच वर्षं टिकतं. बेशरमीचं उलटं आहे: तिचा पाला शेळीला विषारी, आणि तोडलेला दांडका ओढ्यात टाकला की तो पुराबरोबर जाऊन खालच्या गावात रुजतो. पूर्ण वाळवूनच विल्हेवाट लावा.

मोकळी झालेली जागा तशीच ठेवू नका, लगेच दुसरं काही लावा. गुराढोरांची ये-जा असेल तिथं अडुळसा किंवा निर्गुडी बरी, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. तीन-चार डोळ्यांची वीतभर काडी पावसाळ्यात सहज लागते. मेहंदी घराच्या दर्शनी बाजूला छान, फूटभर अंतरावर दोन ओळी एकाआड एक लावा. काटेरी कुंपणच हवं असेल तर सागरगोटा किंवा करवंद. करवंद सावकाश वाढतं, म्हणून पहिली दोन वर्षं बाहेरून बाभळीच्या काट्या लावून ठेवा.