पायथनने तयार केलेल्या छपाईच्या पीडीएफमध्ये एसव्हीजी शिक्का न फाटता आणि हव्या त्या कोनात कसा बसवावा?

तुमच्या प्रश्नात दोन अडचणी आहेत. महाविद्यालयाचा एसव्हीजी (रेघा आणि वक्रांच्या वर्णनाने साठवलेला) शिक्का पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचे चित्र, करून रिपोर्टलॅब या पायथनच्या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीतून प्रमाणपत्रावर टाकला की छपाईत त्याच्या कडा फाटतात, आणि एसव्हीजी वाचणारी एसव्हीजीलिब ही लायब्ररी वापरून तोच शिक्का थेट टाकून पंधरा अंशांत फिरवला की तो पानावर भलतीकडेच जाऊन बसतो. मी बरीच वर्षे छापखान्यांसाठी अशा फाइली तयार करणारे प्रोग्रॅम लिहीत आले आहे, आणि दुसरी अडचण मलाही सुरुवातीला पुष्कळ दिवस छळत होती, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिलीचे उत्तर सरळ आहे. पीएनजीचा वळसा घेऊच नका. पीडीएफ ही मुळात रेघा आणि वक्र काढण्याची भाषा आहे. एसव्हीजीतील रेघा आणि बेझिए वक्र (काही नियंत्रक बिंदूंनी ठरणारे वक्र) तिच्यात जसेच्या तसे लिहिता येतात, त्यामुळे वाटेत त्यांचे ठिपके करण्याचे काहीच कारण नसते. ऑफसेटची प्लेट साधारणतः इंचाला २४०० ठिपक्यांनी उमटते, तिथे ३०० ठिपक्यांच्या पीएनजीची गोल कड उघडी पडणारच. एसव्हीजीलिबमधील एसव्हीजी-टू-आरएलजी हे फंक्शन फाइल वाचून रिपोर्टलॅबचे ड्रॉइंग हातात देते, आणि रिपोर्टलॅबच्याच रेंडरपीडीएफमधील ड्रॉ ते ड्रॉइंग कॅनव्हासवर, म्हणजे पीडीएफच्या पानावर, काढते.

आता दुसरी अडचण. पीडीएफच्या पानाचा शून्यबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो, उंची वरच्या दिशेने मोजली जाते आणि एकक पॉइंट, म्हणजे इंचाचा ७२वा भाग, हे असते. एसव्हीजीत शून्यबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि अंतर खाली मोजतात. ही उलटापालट एसव्हीजीलिब स्वतःच करून देते, म्हणून तुमच्या प्रोग्रॅममधील उभ्या दिशेचे उणे एक पटीचे स्केल काढून टाका, नाहीतर शिक्का खाली डोके वर पाय होतो आणि त्यातील अक्षरेही आरशातल्यासारखी दिसतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की ट्रान्सलेट (सरकवणे), रोटेट (फिरवणे) आणि स्केल (लहानमोठे करणे) या तिन्ही आज्ञा चित्रावर नव्हे, तर अक्षांवर चालतात. प्रत्येक आज्ञा त्या क्षणी असलेले अक्ष सरकवते, फिरवते किंवा आखडते, आणि तिच्यानंतर येणारी प्रत्येक आज्ञा त्या बदललेल्या अक्षांतच मोजली जाते. म्हणून आज्ञांचा क्रम बदलला की उत्तरही बदलते.

तुमचेच आकडे घेऊ. ए-फोर पान आडवे आहे, शिक्का ३५ मिलिमीटर रुंद हवा आहे, आणि त्याचा मध्य उजव्या कडेपासून ४० व खालच्या कडेपासून ४५ मिलिमीटरवर हवा आहे. पान २९७ मिलिमीटर रुंद असल्याने मध्य डावीकडून २५७ मिलिमीटरवर येतो. एका मिलिमीटरचे सुमारे २.८३५ पॉइंट धरले, तर मध्यबिंदू ७२८.५ आणि १२७.५६ पॉइंटवर पडतो. तुम्ही आधी पंधरा अंश रोटेट केले आणि मग ट्रान्सलेट केले. अक्ष आधीच तिरके झाले होते, त्यामुळे सरकणेही तिरक्या वाटेनेच झाले, आणि मध्य साधारण ६७०.७ व ३११.८ पॉइंटवर गेला. म्हणजे शिक्का जवळजवळ ६५ मिलिमीटर वर आणि २० मिलिमीटर डावीकडे, थेट विद्यार्थ्याच्या नावाच्या ओळीत. तुम्ही जोडलेल्या पानावर तो अगदी तिथेच आहे, यावरून मला खात्री आहे की चूक एवढीच आहे.

योग्य क्रम असा. सेव्हस्टेटने आत्ताचे अक्ष जपून ठेवा. मग ट्रान्सलेटने शून्यबिंदू शिक्क्याच्या अपेक्षित मध्यावर न्या. त्यानंतर रोटेट, मग स्केल. शेवटी पुन्हा एक ट्रान्सलेट, ड्रॉइंगच्या निम्म्या रुंदीइतके डावीकडे आणि निम्म्या उंचीइतके खाली, कारण ड्रॉइंग आपल्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून काढले जाते आणि तुम्हाला तर ते मध्याभोवती फिरवायचे आहे. आता ड्रॉ, आणि त्यानंतर न विसरता जुने अक्ष परत आणणारे रिस्टोअरस्टेट. ते राहिले, तर त्या पानावर पुढे येणारी तारीख आणि प्राचार्यांच्या सहीची ओळसुद्धा लहान व तिरकी छापली जाते. हाताने पाहायचे असेल तर पोस्टकार्ड टाचणीने मधोमध टोचून फिरवा, आणि मग टाचणी कोपऱ्यात टोचून पुन्हा फिरवा. शेवटच्या ट्रान्सलेटची गरज लगेच पटेल.

स्केलचा आकडा अंदाजाने लिहू नका. वेबच्या मापाने ९६ पिक्सेलचा एक इंच होतो आणि पीडीएफमध्ये ७२ पॉइंटचा, त्यामुळे एसव्हीजीची फाइल रुंदी कोणत्या एककात सांगते यावर उत्तर पाऊणपटीने इकडचे तिकडे होते. फाइल वाचून झाल्यावर ड्रॉइंगची रुंदी छापून पाहा आणि अपेक्षित रुंदीला तिने भागा. ती २०० निघाली, तर ३५ मिलिमीटरचे ९९.२१ पॉइंट भागिले २००, म्हणजे ०.४९६. उभ्या आणि आडव्या दिशेला हाच एक आकडा द्या, वेगवेगळे आकडे दिले की वर्तुळ तर चेपतेच, पण रेघांची जाडीही दिशेनुसार बदलते.

पुढेमागे पीवायपीडीएफ या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीने तयार पीडीएफवर शिक्का चढवण्याची वेळ आली, तर एक फरक ध्यानात असू द्या. तिथल्या ट्रान्सफॉर्मेशनमध्ये आज्ञा वाचण्याच्या क्रमाने चित्रावर लागू होतात, म्हणजे रिपोर्टलॅबच्या नेमक्या उलट. एका ठिकाणचा बरोबर प्रोग्रॅम दुसरीकडे तसाच उतरवला की चुकतो.

स्केलबरोबर रेघाही बारीक होतात, हे मी नुकसान सोसून शिकले. एका कामात २०० पॉइंटचा शिक्का १२ मिलिमीटरवर आणला होता. पट ०.१७ झाली आणि ०.६ पॉइंटची आतली रिंग ०.१ पॉइंटवर आली. लेझर प्रिंटवर ती छान दिसली, म्हणून आम्ही होकार दिला, आणि ऑफसेटवर तीच रिंग जागोजाग तुटून आली. तेव्हापासून मूळ जाडी आणि पट यांचा गुणाकार ०.२५ पॉइंटच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा नियम मी पाळते. खाली जात असेल, तर लहान आकारासाठी शिक्क्याची जाड रेघांची वेगळी आवृत्ती करून घेते.

शिक्क्यावरचा मराठी मजकूर आधी इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून आकारांत बदलून घ्या. मजकूर म्हणून ठेवला, तर जोडाक्षरांची योग्य मांडणी होईलच याची हमी नसते. ‘विद्यार्थी’मधला ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या उजवीकडे जातो, रफार सुटा पडतो, आणि प्रमाणपत्रावर हे फार वाईट दिसते. ग्रेडियंटही काढून सपाट रंग भरा, कारण एसव्हीजीलिब ते काढत नाही.

रंगांबाबत थोडक्यात सांगते. एसव्हीजीचे रंग आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा) असतात आणि त्यातले काळे छपाईसाठी बदलताना बहुधा चारही प्लेटांवर विभागले जाते, मग रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांचे एकमेकींवर नेमके बसणे, केसभर हलले तरी बारीक अक्षरांना रंगीत सावली येते. ड्रॉइंगमधील प्रत्येक आकाराला फिलकलर आणि स्ट्रोककलर असतात. सगळ्या आकारांवरून फिरून जिथे काळा असेल तिथे फक्त काळ्या शाईचा सीएमवायके (छपाईच्या चार शायांचा) रंग बसवा.

तुम्हाला बाराशे प्रमाणपत्रे एकाच फाइलमध्ये हवी आहेत, त्यामुळे प्रत्येक पानावर ड्रॉ करू नका, नाहीतर शिक्क्याचे सगळे वक्र बाराशे वेळा लिहिले जातील. बिगिनफॉर्म आणि एंडफॉर्म यांच्यामध्ये ड्रॉइंग एकदाच काढून त्याला नाव द्या आणि पानोपानी वरच्याच क्रमाने अक्ष लावून फक्त डूफॉर्म करा. फाइलमध्ये शिक्का एकदाच राहतो आणि पाने त्याच्याकडे बोट दाखवतात.

फाइल छापखान्यात देण्यापूर्वी पॉपलर या पीडीएफ-साधनांच्या संचातील, फाइलमधील चित्रांची यादी देणारे पीडीएफइमेजेस हे साधन लिस्ट पर्यायासह चालवा. पानावर दुसरा कोणताही फोटो नसेल, तर शीर्षकाच्या ओळींखाली यादी रिकामी यायला हवी, तिथे एक जरी ओळ दिसली तरी कुठेतरी ठिपक्यांचे चित्र घुसले आहे. मग अपेक्षित मध्यावर पाव पॉइंटची फुली मारलेले एक पान ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडून छापा आणि पट्टीने उजवीकडून ४० व खालून ४५ मिलिमीटर मोजून पाहा. हे माप जुळले की उरलेली पाने बेलाशक तयार करा.