"परेडला येत राहा, नाव नंतर चढेल" यावर विसंबू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलाने अकरावी-बारावीत दोन वर्षं एनसीसी केली, बी सर्टिफिकेट मिळवलं, आता बी.कॉम.ला नागपुरातल्याच दुसऱ्या कॉलेजात आहे. तिथे एनसीसीच्या तिसऱ्या वर्षासाठी नाव द्यायला गेला तर म्हणाले, "परेडला येत राहा, नाव नंतर चढेल." आणि तो जुलैपासून इमानेइतबारे परेडला जातोय. तुम्ही विचारलंय सी सर्टिफिकेटच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षानंतरच्या परीक्षेला पुस्तक कोणतं घ्यावं.

पुस्तकाचं नंतर बघू. मला तुमच्या पोस्टमधलं ते एकच वाक्य दिसतंय. २००४ मध्ये हेच वाक्य मला सांगितलं होतं, याच शहरात, आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता.

माझंही अगदी तसंच होतं. ज्युनिअर कॉलेजात दोन वर्षं, बी सर्टिफिकेट, एक कॅम्प. बी.एस्सी.साठी कॉलेज बदललं आणि नवीन कॉलेज दुसऱ्या बटालियनखाली, म्हणजे एनसीसीच्या दुसऱ्या युनिटखाली, निघालं. कॉलेजात एनसीसीचा चार्ज असलेल्या सरांना बी सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली, त्यांनी ती टेबलाच्या खणात ठेवली. पी.आय. स्टाफमधल्या, म्हणजे सैन्यातून शिकवायला आलेल्या, हवालदार साहेबांनी माझी ड्रिल बघितली आणि पहिल्याच आठवड्यात मला दाहिना दर्शक केलं. अठरा वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे? सगळी प्लाटून माझ्यावरून रांग धरायची. आपण एनसीसीत नाही आहोत हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

वडिलांनाही शंका आली नाही. ते कॉलेजात होते तेव्हा एनसीसी सक्तीची होती. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती सक्तीची केली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. त्यांच्या हिशेबाने कॉलेजात नाव आहे म्हणजे एनसीसीत नाव आहे. मला म्हणाले, "युनिफॉर्म घालून रोज जातोस ना, मग झालं."

आता जी गोष्ट मला कोणी सांगितली नाही ती सांगतो. परेडवर "गिनती कर" म्हणतात, आपण मान झटकून "एक, दो, तीन" ओरडतो. ती हजेरी नव्हे. ती मैदानावर किती डोकी आहेत याची मोजणी. हजेरी लागते रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर उतरवलेलं असतं त्या वर्षीच्या नॉमिनल रोलवरून, म्हणजे नोंदणी झालेल्या कॅडेटच्या यादीवरून. रोलवर नाव नसेल तर तुम्ही पहाटे पाचला उठून, बूट चमकवून, पहिल्या फाइलमध्ये उभे राहिलात तरी त्या रजिस्टरमध्ये तुमच्यासाठी रकानाच नसतो. मी वहीत तारखा लिहून ठेवायचो. ऑक्टोबरपर्यंत माझ्या ३१ परेड झाल्या होत्या. कागदावर शून्य.

कळलं ते कॅम्पच्या दिवशी. दहा दिवसांचा कॅम्प होता, शहराबाहेर. आईने चिवडा बांधून दिला होता. काळी पेटी, होल्डॉल, मच्छरदाणी, थाळी, पाण्याचा मग, सगळ्यावर पांढऱ्या रंगाने नाव घातलेलं. कॉलेजच्या गेटवर गाडी उभी होती आणि सुभेदार साहेब यादी वाचत होते. एकेक नाव झालं, एकेक पोरगा "हाजिर साहब" म्हणून गाडीत चढला. यादी संपली. मी पेटी घेऊन उभाच. हवालदार साहेबांनी यादी स्वतः हातात घेऊन वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तेरा नाम नहीं है." त्या माणसाचा काही दोष नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की नाव चढलंय. त्यांनी मला ऑटो करून दिला, पैसेही दिले. मी पेटी घेऊन घरी आलो आणि आईने काहीही विचारलं नाही.

त्यानंतर बटालियनचं ऑफिस. कोणतं ते लिहित नाही, आता तिथे ती माणसंही नसतील. खिडकीवरच्या बाबूंचं एकच उत्तर ठरलेलं: "काहून घाई करून राहिला? होऊन जाते." नवीन ऑफिस म्हणायचं, जुन्या बटालियनकडून दोन वर्षांच्या नोंदीचा दाखला आण. जुनी बटालियन म्हणायची, नवीनवाल्यांनी पत्र लिहून मागवलं तर देऊ. नवीनवाले म्हणायचे, आम्ही पत्र लिहू, पण आधी तुमच्या कॉलेजातून आलं पाहिजे. कॉलेजातले सर परीक्षेच्या ड्युटीवर. हे सगळं तोंडी, बरं का! तीन महिन्यांत एका कागदाचीही देवाणघेवाण झाली नाही. सायकलवरून मी किती खेपा घातल्या त्याचा हिशेब नाही, आणि दर खेपेला समोरचा माणूस म्हणायचा की तू तर पहिल्यांदाच आलास.

फेब्रुवारीत एकदा खिडकी बंद होती म्हणून धीर करून थेट कमांडिंग ऑफिसरच्या दारावर गेलो. कर्नल साहेबांनी उभ्याउभ्या पाच मिनिटांत सगळं ऐकून घेतलं, क्लार्कला बोलावलं, पत्र त्याच दिवशी निघालं. पण वर्ष संपत आलं होतं, परीक्षेच्या याद्या गेल्या होत्या. पुढच्या वर्षी अर्ज केला तो मधे खंड पडला या कारणाने परत आला. संपलं.

माझी सगळ्यात मोठी चूक विचाराल तर ती हीच. जुलैत ठोठवायचं दार मी फेब्रुवारीत ठोठावलं. कर्नलच्या ऑफिसात कॅडेटने असं जायचं नसतं, शिस्तीत बसत नाही, असं मला वाटत होतं. मोठ्यांना काही विचारायचं नाही यालाच आपल्याकडे शिस्त म्हणतात, आणि एनसीसीतली निम्मी पोरं ही समजूत घेऊन जगतात. रीतसर वेळ मागून, लेखी अर्ज घेऊन, सॅल्यूट करून उभं राहणं यात काही बेशिस्त नाही. ते अधिकारी सैन्यातून आलेले असतात, तक्रार ऐकायची त्यांना सवय असते.

याची किंमत काय? एनसीसी स्पेशल एन्ट्री, म्हणजे कॅडेटना सैन्यात अधिकारी होण्याचा वेगळा मार्ग. तुमच्या मुलालाही अधिकारी व्हायचंय असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगतो. त्या मार्गाने सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी भरतीची, लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, सरळ एसएसबी या निवड मंडळाची मुलाखत आणि निवड झाली तर चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी. पण त्यासाठी सी सर्टिफिकेट लागतं, तेही किमान बी ग्रेडचं, आणि पदवीला ५० टक्के. नुसतं पास होऊन भागत नाही. मी सीडीएस दोनदा दिली, दोन्ही वेळा लेखीत राहिलो. आज बँकेत आहे, चांगलं चाललंय. तरी २६ जानेवारीला कस्तुरचंद पार्कवर एनसीसीची तुकडी समोरून जाते तेव्हा माझी नजर आधी दाहिन्या दर्शकाकडे जाते.

म्हणून ताई, या आठवड्यात करायचं ते. मुलाला एकच प्रश्न विचारायला लावा: "या वर्षीच्या नॉमिनल रोलवर माझं नाव आहे का, मला दाखवता का?" "हो, असेल" हे उत्तर घेऊन त्याने परत यायचं नाही. नाव डोळ्यांनी बघायचं. आता अर्ज ऑनलाइन भरतात हे मला माहीत आहे, पण अर्ज भरून झाला म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका. युनिटकडून मंजुरी आली का ते विचारा.

नाव नसेल तर अर्ज. कमांडिंग ऑफिसरच्या नावे, एएनओ (कॉलेजातले एनसीसी अधिकारी असलेले प्राध्यापक) आणि प्राचार्यांच्या मार्फत. सोबत बी सर्टिफिकेट, कॅम्पचं प्रमाणपत्र, दहावीची गुणपत्रिका आणि नवीन कॉलेजचं बोनाफाइड, सगळ्याच्या प्रती. अर्जात स्पष्ट लिहा की मी अमुक तारखेपासून परेडला हजर आहे आणि माझी नोंदणी तिसऱ्या वर्षाची व्हावी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक दिल्याशिवाय हलू नका. त्याच दिवशी जुन्या बटालियनलाही वेगळा अर्ज द्या, दोन वर्षांच्या नोंदीच्या दाखल्यासाठी. एकाचं पत्र येईल मग दुसरा देईल, या फेऱ्यात पडू नका, दोन्ही दारं एकदम ठोठवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव जसं आहे तसंच प्रत्येक कागदावर हवं, एका अक्षराचाही फरक नको.

जागेचं कारण पुढे येईल. सीनिअर डिव्हिजनच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या, कंपनीत १६० कॅडेट असतात आणि बऱ्याच कॉलेजांत जागा नवीन पोरांनीच भरून जातात. पण दिवाळीपर्यंत त्यातली काही सोडून जातात. अर्ज आधीच आत असेल तर रिकाम्या जागेवर तुमचा हक्क सांगता येतो, नसेल तर नाही.

आणि हे सगळं कॅम्पच्या आधी. सी सर्टिफिकेटला परेडची ७५ टक्के हजेरी आणि साधारणपणे दोन कॅम्प लागतात. त्याचा एक झालाय असं तुम्ही लिहिलंय. यंदाचा कॅम्प गेला तर बाकी सगळं बरोबर असूनही तो अडकेल.

थोडं विषय सोडून लिहितो, पण राहवत नाही. कामठी आपल्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. एनसीसी अधिकारी होणाऱ्या प्राध्यापकांना शिकवणारी अकादमी तिथे आहे, देशभरातून लोक येतात. आणि आपल्याच शहरातल्या कॉलेजात एनसीसीचा चार्ज अशा सरांकडे असतो ज्यांना तो नको होता, प्रशिक्षण झालेलं नसतं, केवळ केअरटेकर म्हणून सही करायची असते. माझे सर वाईट नव्हते. त्यांना कोणता कागद कुठे जातो हेच माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मन लावून काम करणारे एएनओ मी बघितले आहेत, रविवारी स्वतःच्या गाडीवर पोरांचे फॉर्म घेऊन फिरणारे. कॉलेज निवडताना टक्के, फी, होस्टेल सगळं विचारतो आपण. एनसीसी करायची असेल तर तिथे एएनओ आहे की केअरटेकर, हेही विचारायला हवं असं माझं ठाम मत आहे. कोणाला पटणार नाही, चालेल.

२०२१ मध्ये यूजीसीने एनसीसी वैकल्पिक विषय म्हणून मान्य केल्यापासून अजून एक गोंधळ दिसतो. पोरं म्हणतात, आमचा तर एनसीसी विषयच आहे, क्रेडिट मिळतात. विषयाचे क्रेडिट वेगळे, कॅडेट म्हणून नोंदणी वेगळी. तुमच्या मुलाचं यातलं नेमकं काय झालंय ते तपासा.

आता पुस्तक. बाजारातलं कोणतंही गाइड चालेल, मी त्यावर वेळ घालवणार नाही. गुण जातात ते मॅप रीडिंगमध्ये, आणि ते वाचून येत नाही. एक ते पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा, सर्व्हिस प्रोटॅक्टर (सैन्यातला कोनमापक) आणि पेन्सिल घेऊन बसायचं. सहा अंकी ग्रिड रेफरन्स (नकाशावरची जागा), बेअरिंग (दिशेचा कोन), बॅक बेअरिंग (उलट दिशेचा कोन), रोज दहा गणितं. महिन्याभरात हात बसतो. वेपन ट्रेनिंगमध्ये रायफल खोलणं-जोडणं तोंडाने बोलत करायचं, परीक्षक तेच विचारतात.

आणि एक आईला सांगायची गोष्ट. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. उपाशीपोटी परेडला पाठवू नका, निदान पोळी-गूळ तरी खाऊन जाऊ द्या, आदल्या रात्री पाणी भरपूर. सावधानमध्ये गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे उभे राहिले की पोरं भोवळ येऊन पडतात. गुडघा किंचित सैल, आतल्या आत बोटं हलवत राहायची, बाहेरून काही दिसत नाही. नवे बूट घालून थेट कॅम्पला नाही, आधी पंधरा दिवस घरात.

माझा अनुभव वीस वर्षांपूर्वीचा आहे, नियम बदलतात, बटालियनगणिकही थोडं फार वेगळं असतं. खंड पडल्यावर काय होतं, किती माफ होतो, हे माझ्या शब्दावर धरू नका, लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. मी एनसीसीचा अधिकारी नाही, फक्त भोगलेला माणूस आहे. आमच्या गल्लीतल्या चार पोरांचे कागद मी आजवर करून दिलेत, चौघांचीही नावं पहिल्या परेडच्या आधी रोलवर होती.

मुलाची परेड थांबवू नका, तो जातोय ते चांगलंच आहे. पण त्याने आजवर कोणत्या तारखांना परेड केली ते आज रात्रीच त्याच्याकडून लिहून घ्या, सोबत उभ्या असलेल्या दोन-तीन कॅडेटची नावंही. अर्ज लिहून झाला की इथे टाका, नाव-नंबर खोडून. मी संध्याकाळी बँकेतून आल्यावर वाचून दुरुस्त करून देतो.