अंशाखालचा छेद

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. प्रवासाशी निगडित आजारांवर लिहिणाऱ्या त्या ज्येष्ठ संशोधकाच्या शोधनिबंधांची तू पाठवलेली यादी मी सावकाश वाचली. प्रवाशांचा अतिसार, हिवताप, पीतज्वराची लस हे विषय पाहून तू विचारतेस की, हे सारे विमानाने फिरणाऱ्यांचे आजार आहेत, त्यात खानापूरच्या डॉक्टरने काय भर घालायची. या शंकेचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत उरकणे मला बरे वाटले नाही.

आपला प्रवासी वेगळा आहे, एवढेच. काजूचा हंगाम आला की आपल्या तालुक्यातली माणसे चोर्ला घाट उतरून गोव्यात जातात, बागेतच खोप घालून राहतात, पाचोळ्यातून बोंडू वेचतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. 2016 साली गोव्याच्या काजूबागांतून आलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांमध्ये क्यासनूरचा ताप, म्हणजे माकडताप, आढळला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. या तापाचा विषाणू 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. हा ताप गोचिडांच्या चाव्यातून माणसाला होतो, आणि चाव्यानंतर ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. त्यामुळे गोचीड एका राज्यात चावते आणि केसपेपर दुसऱ्या राज्यात निघतो. तो शोधनिबंध आधी वाच. प्रवास-वैद्यक आपल्या दाराशी कसे येते ते त्यात दिसेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्यासमोर अशीच एक बाई बसली होती. अंगात ताप, डोळे लाल, आणि गुडघ्यामागे खाजवून खाजवून काळ्या पडलेल्या बारीक खुणा. बोटांना काजूच्या चिकाचे डाग होते. ते मी पाहिले, पण ‘कुठे जाऊन आलात?’ असे विचारले नाही. केसपेपरवर ‘ताप, तीन दिवस’ असे लिहिले, गोळ्या दिल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. तिला नेमके काय झाले होते हे आता कळण्याची सोय नाही, आणि ही गोष्ट मला अजून छळते. तू मात्र कुठे, केव्हा गेलात, कुणाबरोबर राहिलात, परत कधी आलात हे तारखांसह विचारत जा. तापाच्या पहिल्या काही दिवसांत थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी उपयोगी पडते, पुढे शरीराने त्याविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. तारीखच नसेल तर यातली कोणती करायची हे ठरवता येत नाही.

आता त्या यादीतले निबंध कसे वाचायचे ते सांगतो, कारण नवशिक्यांची फसगत इथेच होते. प्रवासी रुग्णांची नोंद ठेवणारे जिओसेंटिनेल हे जाळे 1995 साली सुरू झाले. त्याच्या आधारे 2006 साली आलेल्या एका गाजलेल्या शोधनिबंधात सहा खंडांतील 30 दवाखान्यांत आलेले 17,353 आजारी प्रवासी मोजले आहेत. काम मोलाचे आहे, परंतु ते सगळे आजारी पडून दवाखान्यात आलेले लोक आहेत. किती जण गेले होते आणि धडधाकट परतले, ही संख्या त्यात नाही. शाळेतल्या भाषेत बोलायचे तर अंश आहे, छेद नाही. अशा आकड्यांवरून शंभर आजारी प्रवाशांपैकी किती जणांना हिवताप होता हे सांगता येते. जाणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना तो होईल, हे सांगता येत नाही. हा फरक न कळल्यामुळे भलेभले लोक चुकीची वाक्ये छापून बसलेले मी पाहिले आहेत.

याउलट 2000 सालच्या हजनंतर मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकोकस डब्ल्यू-135 या जंतूचा उद्रेक झाला, तेव्हा सिंगापूरच्या संशोधकांनी पुढच्या वर्षीच्या यात्रेकरूंच्या घशातील नमुने जाण्याआधी आणि परतल्यावर असे दोन्ही वेळा घेतले, घरच्यांचेही घेतले. जंतू यात्रेतून आला की आधीपासूनच होता, हे त्यामुळे ठरवता आले. मोठी प्रयोगशाळा नसतानाही या मांडणीचा गाभा आपल्याला उचलता येतो.

आपल्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा आहे. एकेका गल्लीतून गाड्या भरून निघतात, गाडीत कोण बसले हे गल्लीला ठाऊक असते, आणि मागे घरी कोण राहिले हेही ठाऊक असते. म्हणजे छेद आपल्या हातात आयताच आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेआधी एका गावातील जाणाऱ्यांची आणि न जाणाऱ्यांची नावे संमती घेऊन लिही, दोन आठवड्यांनी दोघांकडेही जाऊन जुलाब, ताप, खोकला विचार. डोंगरावर पाणी कुठले प्यायले हे विचारायला विसरू नकोस. प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये अशा दोन्ही भाषांत असू दे, आणि आशाताईला बरोबर घेतल्याशिवाय एकाही घराची पायरी चढू नकोस. तिच्यापाशी लोक खरे बोलतात.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीच्या मंजुरीला वेळ लागतो, म्हणून या पाहणीचा कच्चा मसुदा या महिन्यातच हवा. रविवारी सकाळी घरी ये, येताना गावाचा नकाशा आण.

तुझा,
सर